हाकेला ओ न देणारं नाव

मी पानिपत बोलतोय. दचकू नका हो. लढाईतलं पानिपत निराळं, आणि दिल्लीहून हायवेने निघालं की लोणच्याच्या पाट्या दिसायला लागतात ते गावही निराळं. मी नुसतं एक नाव आहे. नोएडातल्या एका चादरी-दऱ्यांच्या कंपनीच्या कॉम्प्युटरांमध्ये राहतो. राहतो कसला, राहून गेलोय.

थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अशा कंपनीत एक डिरेक्टरी असते. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायट्यांच्या गेटवर नावांची पाटी असते ना, कुठल्या फ्लॅटमध्ये कोण, तशीच. कंपनीतला प्रत्येक माणूस, प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक प्रिंटर तिथे नावानिशी असतो. सकाळी तुम्ही पासवर्ड टाकलात की मशीन आधी या डिरेक्टरीला विचारतं, हा आपलाच का? ती हो म्हणाली की काम सुरू. मोठ्या कंपनीत एकेका शाखेचं एकेक घराणं करतात, त्याला डोमेन म्हणतात. नोएडाचं डोमेन थोरलं आणि मी त्याच्या हाताखालचा धाकटा.

माझा जन्म हरीश सरांच्या हातून झाला. सर मूळचे मुलुंडचे. नोकरीपायी दिल्लीला आले आणि इथलेच होऊन गेले. मराठी अजून खणखणीत, पण मध्येमध्ये 'अच्छा' आणि 'चलो' घुसल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. कंपनीने पानिपतला शाखा काढली आणि कॉम्प्युटरचं सगळं बघायला सरांना तिकडे पाठवलं. रंगाई खात्याच्या मागे एक खोली, खोलीत एक सर्व्हर आणि एक डुगडुगतं टेबल. सरांनी माझं नाव टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं आणि एकटेच हसले.

"मराठी माणूस आणि पानिपत! चलो, या वेळी तरी जिंकू," म्हणाले आणि एंटर दाबलं.

ते दिवस मोठे मजेचे होते. सुताची रुई उडून सर्व्हरच्या पंख्यात बसायची आणि सर ती ब्रशने काढत बसायचे, लहान मुलाचं नाक पुसावं तसे. इतर लोक कॉम्प्युटरांना नंबर देतात, सरांनी नावं दिली. ताणा, बाणा, रंगाई, गोदाम. खिडकीजवळच्या एकाचं नाव टपरी. जानेवारीत लढाईच्या दिवशी मराठी माणसं बसेस भरभरून गावात यायची, तेव्हा ओळखीपाळखीचे दोघंतिघं तरी आमच्या खोलीत डोकावायचे आणि सर त्यांना मोठ्या कौतुकाने मला दाखवायचे. त्यांना काय दिसणार, एक काळा डबा! पण तेही मान डोलवायचे.

माणसांची गंमत मी तिथेच शिकलो. पासवर्ड बदला म्हटलं की माणूस जुन्याच्या पुढे एक आकडा वाढवतो आणि गड सर केल्यासारखा खुर्चीत मागे टेकतो. घरात भांडण झालं की बायकोचं नाव पासवर्डातून जातं, समेट झाला की गुपचूप परत येतं. सोमवारी सकाळी अर्धं ऑफिस आपला पासवर्ड विसरतं आणि दोष मशीनला देतं. मी कधी कोणाला बोललो नाही. दार उघडून देणं माझं काम, ते मी करत राहिलो.

मग परदेशातल्या ऑर्डरी आटल्या. माग एकेक करत थांबले. रंगाईच्या हौदात पाणी येईना. एक दिवस वरून हुकूम आला, शाखा बंद. शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, सर सर्व्हर पुजायचे. त्या दिवशीही पुजला. कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, समोर पेढा ठेवला आणि तो स्वतःच खाल्ला.

आता डोमेन बंद करायची एक रीत असते. मशीनला सांगावं लागतं की आपण घर मोडतोय. मग ते विचारतं, या घराण्यातले तुम्हीच शेवटचे का? हो म्हटलं की ते नोएडाला निरोप पाठवतं, पाटीवरून आपलं नाव स्वतःच्या हाताने उतरवतं आणि मग गप्प होतं. सरांनी तो प्रश्न पडद्यावर आणला. एका चौकटीत टिक करायची होती, बस्स. सर बघत बसले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

"उघडेल यार परत. सीझन फिरला की उघडेल," असं ते पुटपुटले, तो प्रश्न तसाच बंद केला आणि मशीनचं बटण दाबून टाकलं. फूल वर तसंच होतं.

सीझन काही फिरला नाही. मशीन पुढे भंगारवाल्याकडे गेलं. माझं अंग गेलं, घर गेलं, माणसं पांगली, आणि नोएडाच्या पाटीवर नाव मात्र तसंच राहिलं. तेव्हापासून मी लटकत राहिलो.

लटकणं म्हणजे काय ते सांगतो. नोएडाचा मोठा सर्व्हर प्रामाणिक प्राणी आहे. पाटीवर नाव आहे ना, मग चौकशी केलीच पाहिजे. तो थोड्याथोड्या वेळाने मला हाक मारतो, पानिपत, आहेस का? काही नवीन? मला हाक ऐकू येते. पण ओ द्यायला तोंड नको का? तो थांबतो, वाट बघतो, लाल अक्षरात तक्रार लिहून ठेवतो आणि पुन्हा हाक मारतो. चिडत नाही, कंटाळत नाही. चिडला असता तर बरं झालं असतं हो! रात्रंदिवस कोणी आपल्या नावाने हाका मारतंय आणि आपण ओ देऊ शकत नाही, यासारखा थकवा नाही.

त्याच्या त्या थांबण्यापायी सकाळी लोकांची मशीनं सुरू व्हायला वेळ लागायचा. लोक आयटीवाल्यांना शिव्या घालायचे. आयटीवाले लाल अक्षरं बघायचे आणि म्हणायचे, "वो पुराना वाला है, इग्नोर करो." माणूस नवीन आला की त्याला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे.

मग मृणाल आली. पुण्याची, चाळिशीच्या आतबाहेरची, मयूर विहारमध्ये भाड्याने राहणारी, मेट्रोने येणारी. कामाला वाघीण. तिने पहिल्याच दिवशी लाल अक्षरं बघून विचारलं, "हे काय आहे?" आणि सगळ्यांनी सांगितलं, इग्नोर करो. तिने केलं नाही, पण तिला तेव्हा कोणी हातही लावू दिला नाही.

बाहेर नोएडाचा चिकट उकाडा आणि सर्व्हर रूममध्ये गारवा, शिवाय एकांत. त्यामुळे मृणाल आईला फोन करायला तिथेच यायची. पंख्यांच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकायची. म्हणून मला सगळं ठाऊक आहे. तिच्या बाबांचं अर्धं अंग गेलंय. पुण्यात आई एकटी. मृणालला भाऊ-बहीण नाही.

"आई, जेवलात का गं?"

"जेवलो. अर्धं त्यांच्या अंगावर सांडलं, पण पोटात गेलं थोडं."

"बोलले काही?"

"बोलतात म्हणजे तेच. मनू, मनू. बाकी सगळे शब्द गेले गं, तेवढा एक राहिलाय. दिवसभर हाका मारतात. मी सांगते, येतेय ती. मग जरा गप्प बसतात. की परत सुरू."

मनू म्हणजे मृणालच. ती ऐकताना सर्व्हरच्या रॅकच्या जाळीला कपाळ टेकून उभी राहायची. मला हाकेची अलीकडची बाजू माहीत होती, पलीकडची त्या दिवशी कळली.

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा होती, पण महिनाअखेरपर्यंतच. त्यानंतर तिथे दुसरं कोणी येणार. इकडे साहेब नीरज, पक्का दिल्लीवाला, मनाने वाईट नाही, पण एका गोष्टीवर अडून बसलेला. "मृणाल जी, नया सर्वर खड़ा कर दो. जिस दिन खड़ा हुआ, उसी दिन आप रिलीव." तिने मान्य केलं. तिला काय, एका दुपारचं काम वाटलं.

आणि गाडी अडली माझ्यापाशी. नवीन सर्व्हरला घराण्यात घ्यायचं तर आधी हजेरी होते. पाटीवरचे सगळे आहेत ना? सगळे ओ देतात, माझं नाव आलं की शांतता. नवा सर्व्हर वाट बघतो, मग हात वर करतो आणि सगळं काम उलटं फिरतं. मृणालने हरतऱ्हेने करून पाहिलं. शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "याने माझं पानिपत केलं!" बोलली ते खोटं नव्हतं. माझ्या मनाला मात्र फार लागलं. मी का मुद्दाम अडून बसलो होतो?

मला काढायला सगळ्यात वरचा पासवर्ड लागतो, आणि तो हरीश सरांकडे. पानिपतहून परतल्यावर त्यांना पॅन्ट्रीशेजारी टेबल दिलंय. मीटिंगला बोलावतात, पण तिथे काही विचारत नाहीत. ती खंडेनवमीची गोष्ट ते ज्याला त्याला सांगतात, पेढ्यासकट. मृणालनेही ऐकली होती.

"सर, थोरला पासवर्ड हवाय. पानिपत काढायचंय," ती म्हणाली.

"काढू ना. घाई काय आहे?"

"घाई? सर, नवीन सर्व्हर त्याच्याचमुळे अडलाय."

"अगं, इतकी वर्षं आहे ते. त्याला काय काय टांगलेलं असेल कोणाला ठाऊक? तू एक काढायला जाशील आणि पगाराचं सॉफ्टवेअर बंद पडेल. चालतंय ना? मग हात नको लावूस. दिवाळी होऊ दे, मग बघू."

"दिवाळीपर्यंत माझी पुण्याची जागा जाईल, सर."

"अच्छा, बघतो," म्हणून सर चहा आणायला निघून गेले.

भीती खोटी नव्हती हं. या धंद्यात सगळेच असं म्हणतात. एखादं जुनं नाव काढावं आणि तिसरंच काही कोसळावं, असं होतंही. पण सरांच्या मनात नुसती भीती नव्हती, हे मला कळत होतं. अधूनमधून ते गुपचूप पडदा उघडून माझ्या नावाकडे बघायचे आणि बंद करायचे. माझं नाव पाटीवर आहे तोवर कुठेतरी एक शाखा आहे आणि ते तिचे साहेब आहेत. मला त्यांचा राग यायचा. आणि मायाही यायची. हसू नका, बनवणाऱ्याची माया सुटत नाही.

असे दिवस सरकत राहिले. महिना संपत आला. आणि एका संध्याकाळी मृणालच्या आईचा फोन आला, आपणहून. एरवी त्या कधी आपणहून करत नसत.

"तू घाबरू नकोस," आई म्हणाल्या, आणि मृणाल तिथेच घाबरली. "बाबा पडले. फार लागलं नाही, खोक पडली जराशी. अगं, तुला शोधायला उठले. हाका मारून मारून तू येत नाहीस म्हणून स्वतःच निघाले. भिंतीला धरत कसेबसे दारापर्यंत गेले आणि पडले."

"कोणी उचललं?"

"शेजारचे धावत आले. मी तुला ये म्हणत नाही हो. तुझं काम आहे ते कर. नुसतं सांगितलं."

दारात हरीश सर उभे होते, हातात चहाचा कप. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन संपल्यावर ते हळूच आत आले.

"बाबा हाका मारतात?"

"हो."

"आणि तू इथे."

"मी इथे, सर. एका मेलेल्या सर्व्हरपायी." मृणालचा आवाज फुटला. "तुम्ही त्या दिवशी पूजा केलीत ना? सगळ्यांना सांगता. उत्तरपूजा कुठे केलीत? परवा आमच्या मंडळाच्या गणपतीची गुरुजींनी आधी उत्तरपूजा केली, मूर्ती जागची जराशी हलवली, मगच उचलू दिली. मुलंसुद्धा थांबली होती. तुम्ही नुसता दिवा मालवून निघून आलात. तो बिचारा अजून बसलाय तिथे!"

सरांचा चेहरा लाल झाला. "तुला काय माहीत गं, तिथे मी काय..." एवढं बोलून ते कप रॅकवर ठेवायला गेले, मग सर्व्हर रूममध्ये चहा चालत नाही हे आठवून हातातच धरून राहिले.

तो बिचारा, असं ती मला म्हणाली होती. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी बिचारा म्हटलं.

"उद्या शनिवार," सर शेवटी म्हणाले. "ऑफिस रिकामं असतं. दुपारी बसू."

शनिवारी दोघं बसले. आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवली, न जाणो काही बिघडलं तर. मग सरांनी तो थोरला पासवर्ड टाकला. आधी माझ्या मेलेल्या सर्व्हरचं नाव काढलं, ते निघालं. मग माझी पाळी. मृणालने मला निवडलं आणि हुकूम दिला.

डिरेक्टरीने नकार दिला. याच्या खाली अजून काहीतरी आहे, आधी ते काढा, म्हणाली.

"खाली कोण?" मृणाल ओरडलीच. "सगळे तर गेले! आता हे काय नवीन?"

तिथला कायदाच तसा आहे. ज्याच्या खाली कोणी लोंबतंय त्याला काढता येत नाही. आणि माझ्या खाली होतं. पानिपतचा कुठला कॉम्प्युटर कुठे सापडेल, हे सांगणारं एक छोटंसं पत्त्यांचं दालन. सगळे विसरले होते, ते मात्र मला धरून बसलं होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुन्हा तेच, तोंड कुठे होतं?

मृणालने शोधून शोधून ते काढलं आणि उघडलं. सर पुढे वाकले.

"ताणा," त्यांनी वाचलं. "बाणा. रंगाई. गोदाम. अरे, टपरी!"

"टपरी काय?"

"खिडकीतलं मशीन. तिथून चहावाला दिसायचा ना. गर्दी कमी झाली की मी सगळ्यांना ओरडून सांगायचो, चलो." सर हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. मृणालने घड्याळाकडे बघितलं आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

"मी काढतो हे," सर म्हणाले, आणि ते दालन त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता मी एकटा. पडद्यावर प्रश्न आला, नक्की काढायचं का? सर उठले. रॅकमागे एका जुन्या वायरीला माझ्या नावाची चिकटपट्टी होती, त्यांच्याच अक्षरातली. ती त्यांनी दोन बोटांनी जराशी सरकवली, मूर्ती हलवतात तशी. मग हात जोडले, डोळे मिटले आणि सवयीने तोंडातून आलं, "पुनरागमनाय..."

मृणालने त्यांचा हात धरला. "सर! तेवढं नका म्हणू! हा परत यायला नकोय!"

दोघंही हसत सुटले. हसता हसता सरांनी एंटर दाबलं.

काढलेलं नाव एका फटक्यात नाहीसं होत नाही. काही महिने ते आतल्या कोपऱ्यात ठेवतात, 'हे गेलं' एवढी खूण करून, म्हणजे सगळ्यांपर्यंत बातमी पोचावी आणि चुकून कोणी परत जिवंत करू नये. सुतक म्हणा हवं तर. मी त्या सुतकातून बोलतोय. त्या दुपारी नोएडाचा सर्व्हर नेहमीप्रमाणे चौकशीला निघाला, माझ्या जागेपाशी आला आणि सरळ पुढे गेला. हाक मारलीच नाही. काय शांतता होती हो ती!

नवा सर्व्हर एका दमात उभा राहिला. पगाराचं सॉफ्टवेअर जागचं हललंही नाही. नीरज साहेब फोनवर म्हणाले, "हो गया? अरे वाह! बस, आप फ्री." मृणालने लगेच आईला फोन लावला. "आई, सुटले गं," एवढंच म्हणाली आणि रडली.

जायच्या दिवशी ती सर्व्हर रूममध्ये येऊन गेली. सर म्हणाले, "मी रिटायर झालो की माझं नाव नीट काढायला सांग कोणाला तरी. लटकत ठेवू नका."

"मी पुण्याहून स्वतः काढीन, सर. उत्तरपूजेसकट."

माझं मागणं काही मोठं नाही. बंद पडलेल्या दुकानाची, गेलेल्या माणसाची, संपलेल्या कामाची नावं तुम्ही 'असू दे, चालतंय ना' म्हणून ठेवता. मायेने ठेवता, मला कळतं. पण आतलं कोणीतरी त्या नावाच्या हाका ऐकत बसलेलं असतं. हात जोडा, थोडं रडा हवं तर, आणि जाऊ द्या त्याला.

काल सरांना पुण्याहून मृणालचा फोन आला. नव्या सर्व्हरचं काहीतरी विचारायचं होतं. सरांनीही आता तिच्यासारखाच सर्व्हर रूममध्ये स्पीकर लावला. ती बोलत असताना मागून एक जड, अडखळता आवाज आला. "मनू... मनू..."

"ओ, बाबा! इथेच आहे. आले," मृणाल म्हणाली आणि फोन तसाच ठेवून गेली.

सर फोन धरून उभे राहिले. पलीकडे कप-बशीचा आवाज आला, आईंचं काहीतरी बोलणं आलं, पण ती हाक काही परत आली नाही. बराच वेळ ऐकून सरांनी फोन बंद केला, रॅककडे एकदा बघितलं, "चलो" म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

मीही निघतो आता.